मेहुण्याचा दोर

फार पूर्वी एका कड्याच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांचे एक गाव होते. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळे लटकलेली असत. मध काढणारा वरून दोराने खाली उतरे, आणि दोर त्याच्या बायकोचा भाऊ धरी. आपल्या बहिणीचे कुंकू कोणी पुसणार नाही, म्हणून ही रीत पडली होती. पावसाळाभर दोर मेहुण्याच्याच घरी राही. उतरण्याआधी दोर तपासून पाहणे म्हणजे मेहुण्याचा अपमान, म्हणून तो कोणी तपासत नसे.

त्या गावात धावजी हा सर्वांत पटाईत उतरणारा होता. त्याच्या बायकोचे नाव गोजरा. तिचा भाऊ बारकू त्याचा दोर धरी.

एका वर्षी बारकूला वाटले, आपणही उतरून पाहावे. तो अर्ध्या कड्यापर्यंत गेला आणि तिथेच डोळे मिटून लटकत राहिला. शेवटी धावजीने त्याला वर ओढून घेतले. पुढे होळीला जेवणे झाल्यावर धावजी सगळ्यांसमोर म्हणाला, "आमचे मेहुणे अर्ध्यात गेले, माश्यांना रामराम केला आणि परत आले."

सगळे हसले. बारकू सगळ्यांहून मोठ्याने हसला.

त्याला राग आला होता, तर तो तिथेच भांडू शकला असता. दुसऱ्या दिवशी दोर धरायला नाही म्हणू शकला असता. पण दोन्हीसाठी धावजीसमोर उभे राहावे लागले असते. बारकूने यांपैकी काहीच केले नाही. पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या दोराच्या वेटोळ्यात, आतल्या बाजूला, त्याने तूप चोळले. माळ्यावर उंदीर होते.

मधाचे दिवस आले. गावातल्या दोन गड्यांनी दोर उचलून कड्यावर नेला, मागोमाग बाकीचे गावकरी आले. बारकूने झाडाला वेढा देऊन दोर दोन्ही हातांनी धरला. "पाऊल जपून टाका, दाजी," तो म्हणाला. धावजी हसून खाली उतरला.

कड्याच्या मध्यावर दोर तुटला.

बारकू रडत होता. वरचा तुकडा अजून त्याच्या मुठीत होता. गोजराने तो ओढून घेतला. तुटलेल्या टोकाला दातांच्या खुणा होत्या, दोराचा वाख तेलकट झाला होता, आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. तिने वास घेतला.

"दादा, दोराला तूप कसं लागलं?"

"मला काय विचारतेस? उंदीर कुणाच्या घरात नाहीत? मी हात सोडला का, विचार या सगळ्यांना."

"नाही सोडला," लोक म्हणाले. आणि ते खरे होते.

पंच बसले. बारकूला काय म्हणावे, यावरच बराच वेळ गेला. खुनी म्हणावे तर त्याच्या हातात कोयता नव्हता. दगाबाज म्हणावे तर त्याने दोर शेवटपर्यंत धरला होता.

"भित्रा म्हणा," एक जण म्हणाला.

"भित्रं असणं हा काय गुन्हा झाला?" म्हातारा कारभारी म्हणाला. "मग निम्म्या गावाला शिक्षा द्यावी लागेल."

गोजरा उठली. "नाव मागाहून ठेवा. आमच्या घरात दुसरा दोर आहे, तो आणते. दादाला उतरू द्या, मी धरते. भाऊ बहिणीला दगा देत नाही म्हणता, मग बहीण तरी भावाला कशी देईल?"

नाही म्हणायला बारकूला कारण सापडले नाही. सगळे कड्यावर गेले. गोजराने झाडाला वेढा दिला आणि दुसरे टोक त्याच्यासमोर टाकले.

बारकू खाली बसला. दोर मांडीवर घेऊन तो वीत वीत चाचपू लागला. पीळ उलगडून आत पाहिले. ओढून पाहिले. मग नाकाशी नेला.

गावात आजवर दोर असा कोणी तपासला नव्हता.

"चांगला आहे," गोजरा म्हणाली. "त्यांनीच वळलाय."

बारकूचे हात थांबले. "मी नुसतं तूप लावलं गं. तुटेलच असं कुठे होतं? उंदीर आले नसते तर?"

"म्हणूनच तूप लावलंस. उंदीर आले नसते तर तू चांगला मेहुणा राहिला असतास. आले, तर उंदीर वाईट."

तेव्हा दोर वाहून आणणाऱ्यांपैकी एक जण तळहात धोतराला पुसत म्हणाला, "सकाळी माझ्या हाताला बुळबुळीत लागलं होतं."

"वास मलाही आला होता," कारभारी पुटपुटला.

"मग बोलला का नाहीत?" गोजराने विचारले.

"मेहुण्याचा दोर, बाई. वाईट दिसलं असतं."

गोजराने एकेकाकडे पाहिले. ज्याच्याकडे तिची नजर गेली, तो कड्याकडे पाहू लागला.

बारकूला गावाबाहेर काढायचे ठरले. तो पाठमोरा होऊन चालू लागताच लोकांनी दगड मारले. मध्येच एकदा त्याने वळून पाहिले, तेव्हा सगळ्यांचे हात खाली आले. पुन्हा पाठ फिरताच दगड सुरू झाले. पहिला दगड मारला होता तो हाताला तूप लागलेल्यानेच.

गोजरा ते पाहायला थांबली नाही.

तात्पर्य: इंग्रजीत 'डॅस्टर्डली' असा एक शब्द आहे. कोशात त्याचा अर्थ 'भ्याड आणि दुष्ट' असा दिलेला असतो, आणि मोठ्या, गाजलेल्या गुन्ह्यांसाठी तो मोठ्या आवाजात वापरला जातो. पण ज्या दुष्टपणात करणाऱ्याने स्वतःच्या अंगाला कसलीच तोशीस लावून घेतलेली नसते, त्याचा तो शब्द आहे. मग ते कृत्य बोटभर तुपाचे का असेना. ज्यांना वास आला आणि जे गप्प राहिले, त्यांनाही तो लावावा की नाही, हे कोशात सापडत नाही. बहुधा लावावा.