कळशी, तांदूळ आणि तांडेल

समुद्राकाठच्या एका गावात एक तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, होता आणि त्याच्या मनात कायम एक संशय असायचा. संशय कसला, तो रोज बदलायचा. शेजाऱ्यानं रामराम केला तर ह्याला वाटे, ह्याचं काय काम अडलंय? नाही केला, तर वाटे, ह्यानं काय लपवलंय?

त्या गावच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली दोन खडक होते. लोक त्यांना सासू आणि सून म्हणत, कारण दोघींच्या मधून सुखरूप जाणं महाकठीण. परकी गलबतं त्यांच्यामधून आत आणण्याचा मान तांडेलाच्या घराण्याकडे होता. पण आता साहेबांची जहाजं येऊ लागली आणि साहेबाला मराठीचा गंध नव्हता.

बंदराचा कारभारी म्हणाला, "नारळी पौर्णिमा झाली की साहेबाचं जहाज येईल. तोवर त्यांची भाषा शीक. नाहीतर तुझ्या बापाचा मान दुसऱ्याला द्यावा लागेल."

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, हाताला काम नव्हतं. गावात एक म्हातारी होती. तिनं वीस वर्षं साहेबाच्या बंगल्यावर मुलं सांभाळली होती, म्हणून सगळे तिला आयाबाई म्हणत. तांडेल तिच्याकडे गेला.

आयाबाईनं काठोकाठ भरलेली कळशी त्याच्या खांद्यावर ठेवली. "विहिरीपासून रांजणापर्यंत चाल. थेंब सांडता कामा नये. आणि प्रत्येक पावलाला म्हण, स्लोली."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तू आत्ता चालतोयस तसं. सावकाश."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला भात कांडायला बसवलं आणि शब्द दिला, क्विकली. तिसऱ्या दिवशी दार अलगद लावायला लावलं, सॉफ्टली. मग फाटकाची कडी लावताना ऑलवेज आणि विहिरीच्या काठावर पाय ठेवायचा नाही, तिथे नेव्हर.

"स्लोली, क्विकली हे कामाच्या मागं बोलायचे," ती सांगे. "वॉक स्लोली. ऑलवेज आणि नेव्हर मात्र कामाच्या आधी उभे राहतात, दारातल्या राखणदारासारखे. नेव्हर रन. कळलं?"

तांडेलाला कळलं ते वेगळंच. पाणी भरून होतंय, भात कांडून होतोय, आणि शब्द दिवसाला एक! म्हातारी फुकटचा गडी राबवतेय. खरे दाणे कणगीत ठेवून ही आपल्याला फोलपटं देतेय.

"मला जहाजाचे मोठे शब्द द्या की," तो एकदा म्हणाला.

"काम हातानं दाखवता येतं, बाबा. पण ते कसं करायचं, हे हातानं नीट सांगता येत नाही. आधी हे शीक."

त्यानं मान हलवली, पण मनात म्हणाला, बघा कशी टोलवतेय!

त्याच सुमारास घरी भात मोठा चवदार लागू लागला. "तांदूळ कुठला गं?" त्यानं आईला विचारलं.

"दिलाय एका भल्या माणसानं."

"उगाच कोण कशाला देईल? ह्यात काहीतरी डाव आहे," असं म्हणत त्यानं तिसऱ्यांदा भात वाढून घेतला.

पंधराव्या दिवशी त्यानं आयाबाईकडे जाणं सोडलं. बाजारात एक दुभाष्या होता. त्यानं एका बैठकीत शंभर शब्द दिले. शिप, रोप, रॉक, सेल, टर्न! तांडेल खूश झाला. ह्याला म्हणतात शिकवणं!

पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला आणि चार दिवसांनी जहाज आलं. तांडेल वर चढला. जहाजावर साहेब धरून चाळीस माणसं होती. सासू डावीकडे टाकून जहाज सुनेपाशी आलं. इथे वळायचं, पण बेतानं.

"टर्न!" तांडेल म्हणाला आणि हात केला. सुकाणूवाल्यानं चाक गरकन फिरवलं.

"हळू! अरे हळू!" तांडेल ओरडला. त्या गावचे लोक वाऱ्याच्या वरताण आवाजात बोलणारे. हळू हा शब्दसुद्धा ते घसा फोडूनच सांगतात. साहेबाला वाटलं, हा घाई कर म्हणतोय. तांडेल जितका ओरडे, हात जितके नाचवी, तितकं चाक जोरात फिरे. शंभर शब्द डोक्यात गोळा झाले होते, पण त्यातला एकही आत्ता कामाचा नव्हता. खडकाचं काळं पाणी समोर दिसू लागलं.

तेवढ्यात त्याचा हात आपोआप खांद्याकडे गेला, तिथं कळशी असल्यासारखा. पावलं जपून पडली. आणि तोंडातून हलकेच निघालं, "स्लोली... टर्न स्लोली."

साहेबानं चमकून पाहिलं आणि सुकाणूवाल्याला तेच सांगितलं. चाक थांबलं, मग बेतानं फिरलं. जहाज सुनेला घासून गेलं, एक फळी फुटली, पण चाळीसच्या चाळीस माणसं सुखरूप किनाऱ्याला लागली.

कारभारी म्हणाला, "माणसं आणलीस, पण जहाज फोडून. यंदा शेजारच्या गावचा माणूस हे काम करील. तुझं पुढच्या वर्षी बघू."

तांडेल घरी येऊन जेवायला बसला. आईनं भात वाढला. "आई, खरं सांग. हा तांदूळ कुणाचा?"

"तूच कांडलेला. तुझ्याकडून फुकट पाणी भरून घेणं आयाबाईला पटेना. म्हणून कांडलेला सगळा तांदूळ तिनं आपल्याकडे पाठवला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू जेवला असतास का?"

तांडेलानं ताट बाजूला सारलं. हात धुऊन तो तसाच आयाबाईकडे गेला. आत शिरताना त्यानं फाटकाची कडी लावली. म्हातारी अंगणात बसली होती.

"तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?" त्यानं विचारलं.

"तू विचारलंस कुठे? पंधरा दिवस माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघत होतास. एकदा सरळ बघून विचारलं असतंस, तर सांगितलं असतं."

आयाबाई उठली, विहिरीवरून कळशी भरून आणली आणि त्याच्या खांद्यावर ठेवली.

"आजचा शब्द, अगेन," ती म्हणाली. "म्हणजे पुन्हा."

ह्या वेळी तांडेलाच्या मनात संशय नव्हता. तो रांजणाकडे चालू लागला. कळशी काठोकाठ भरलेली होती आणि एक थेंबही सांडला नाही.

तात्पर्य: गुरूबद्दल शंका आली, तर ती मनात पोसू नये, तोंडानं विचारावी. पोसलेली शंका विद्या अर्ध्यावर सोडायला लावते.