हातभर ओली भिंत

"आणि हा मोर कुठल्या शैलीतला म्हणायचा?"

दयाळबाबांनी मठाच्या जुन्या भिंतीकडे बोट दाखवलं.

मुकुंदा हसला. कलाशाळेत पाच वर्षं काढून तो बाबांकडे भित्तिचित्रं शिकायला आला होता. बाबांनी सकाळीच अट सांगितली होती. मठातल्या तानूबाईने हातभर भिंतीला चुन्याचा ओला गिलावा दिलाय, त्यावर एक गाय काढ. जमली तर मठात राहा. नाही जमली तर संध्याकाळची एसटी आहे.

"वळण इकडचं आहे बाबा, पण पिसांची रेघ राजस्थानी. चितारी बाहेरून आणलेले असणार."

"असं? रेघेवरून कळतं?"

"लगेच! लघुचित्राची रेघ केसासारखी बारीक. वारलीची जाड, तांदळाच्या पिठीची. आणि चित्रकथीतले डोळे पाहिलेत? एकदा पाहिले की माणूस विसरत नाही..."

मुकुंदाच्या बोलण्याची गाडी उताराला लागली. ऊन ओसरीवर आलं.

"साहेब, वाईच पानी शिंपडू का?" तानूबाईने विचारलं. तिच्या हातात तांब्या होता.

"थांबा हो मावशी. मधे बोलू नका."

तानूबाईने तांब्या खाली ठेवला. तिने चुना पावसाळ्यापासून खड्ड्यात भिजत घातला होता आणि तीन दिवस ती तो कुटत होती.

बाबांनी तैलरंगाचं विचारलं. मुकुंदाने सांगितलं. जलरंगाचं विचारलं. त्याने तेही सांगितलं, शिवाय कोण कोण त्यात कच्चे आहेत, हेही न विचारता सांगितलं.

"आणि भिंतीचं काय?"

"भिंतीचं तर अगदी सोपं! गिलावा ओला असतानाच रंग लावायचा. चुना वाळता वाळता रंगाला पोटात घेतो, मग शंभर वर्षं जात नाही. वाळल्यावर लावला, तर नुसती भुकटी."

"वा," बाबा म्हणाले.

ऊन ओसरीवरून भिंतीवर चढलं.

"मग काढ गाय."

मुकुंदाने कुंचला उचलला. गेरू घेतला, काजळी घेतली. हात तयार होता, खोटं कशाला बोला. तासाभरात गाय उभी राहिली. गळ्यात घंटा, मान वळवलेली, डोळा तर जिवंत. तो दोन पावलं मागे सरकला आणि बाबांकडे पाहू लागला.

"हात फिरव तिच्यावरून."

"अं?"

"पाठीवरून. गाईच्या फिरवतात तसा."

मुकुंदाने हात फिरवला. गाय हातावर आली. भिंतीवर दोन शिंगं आणि लाल डाग राहिला.

तानूबाई उठली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थापी घेऊन ती भिंत खरडू लागली. तीन दिवसांचं कुटणं तिच्या पायांवर पांढरं होऊन पडत होतं.

मुकुंदाच्या कानशिलांपर्यंत लाज चढली. 'मधे बोलू नका' हे स्वतःचे शब्द त्याला आता पुन्हा ऐकू येत होते.

"मावशी... माझं चुकलं."

"असू द्या साहेब. चुना हाय अजून. दुसरा लावीन."

तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्याने तिच्या हातातून थापी घेतली आणि खाली मान घालून उरलेली भिंत स्वतः खरडली.

"बाबा, मला ठाऊक होतं हो," शेवटी तो म्हणाला. "मीच तर तुम्हाला सांगितलं."

"हो. छान सांगितलंस."

...

मुकुंदाने पिशवी उचलली आणि तो हौदाकडे वळला.

"कुठे?"

"हात धुतो. मग एसटी गाठतो."

"धुऊ नकोस. एसटीही जाऊ दे," बाबा म्हणाले. "तुझी गाय तिथंच उमटलीय."