काडीची सावली

काडी चार हात उंच होती की पाच, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. मोजणारा मीच होतो, म्हणून हा विसर जास्त खुपतो. पण त्या माळावर तेव्हा प्रत्येकाची जागा ठरलेली होती आणि बहुतेक जण आपापल्या जागी सुखी होते, एवढे नक्की. सपाट खडकावर मुंग्या दाणे वाळवत. खड्यांमध्ये टिटवी अंडी घाली. पश्चिमेच्या वाळूच्या उतारावर घोरपड आपली अंडी पुरून ठेवी आणि सकाळचे ऊन ती उबवी. मी कासव. कोणाला काही नवे उभारायचे असेल, तर त्याची पारख माझ्याकडे येई. मी फार शिकलेला होतो आणि घाई मला जमत नसे.

त्या वर्षी ओढ्याने वाळवीचे जुने वारूळ गिळले. लाखो जीव आणि स्वतःहून हलू न शकणारी एक राणी, असे बिऱ्हाड घेऊन वाळवी माळावर आली. तिला मधला उंचवटा हवा होता, वाळूच्या उताराला लागून पूर्वेकडचा. बाकी ठिकाणी कुठे पाणी साचे, कुठे खडक लागे.

माळाची रीत अशी होती. जेवढे उंच बांधायचे, तेवढी काडी त्या जागी दिवसभर उभी करायची. तिची सावली ज्याच्या जागेवर येईल, त्याने त्या सावलीत बसायचे. ज्याला सोसवणार नाही त्याने उठायचे. कोणी उठले, की काडी दुसरीकडे न्यायची.

काडी उभी राहिली. सकाळी तिची सावली घोरपडीच्या अंगावरून सरकली.

"मावशी, काही जड वाटलं का?" मुंग्यांच्या रांगेतून कोणीतरी विचारले.

"मान खाजवली तेवढ्यात गेलीसुद्धा," घोरपड म्हणाली. "तुमची रांग हिच्याहून जाड असते."

कोणीच उठले नाही. मी होकार दिला.

वारूळ चढू लागले, आणि उंचीबरोबर त्याचा घेरही सुटू लागला. पंधरवड्यात अशी वेळ आली, की अर्धी सकाळ सरली तरी उतारावर ऊन पोहोचेना. घोरपडीने वाळू उकरून पोट टेकवले. वाळू गार होती. खाली अकरा अंडी होती.

ती माझ्याकडे आली. "दादा, मी काडीला हो म्हटलं होतं. हे काय आलंय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आले. आजवर माळावर कोळ्याची जाळी आणि पाखरांच्या बैठका एवढीच उभारणी झाली होती. सगळी बारीक कामे. उंची मोजली की सगळे मोजले, असे आम्ही धरून चाललो होतो. घेर किती, हे कोणी विचारले नव्हते, मीही नाही. तो दिवस मी पाठीखाली तोंड लपवून काढला. दुसऱ्या दिवशी सर्वांना बोलावले आणि चूक माझी आहे असे सांगितले.

वाळवीचा मुकादम उन्हात येत नसे. मातीच्या नळीतून डोके काढून तो म्हणाला, "ठरलेली उंची आम्ही पाळली. आता राणी आत बसलीय. मोडायचं तर मोडा."

"त्याला काय लागतं?" टिटवी म्हणाली. "मावशीच्या शेपटीचा एक फटका."

"शेपूट कधी उचलायची ते मला कळतं," घोरपड म्हणाली. "त्यांची पोरं आत आहेत, माझी बाहेर. एवढाच फरक."

मुकादमाने डोके आत घेतले. मग ती नळी उताराच्या दिशेने वाढताना दिसली. दुपार कलेपर्यंत ती वाळूत शिरली, आणि मुकादमाने एका अंड्याला मिशी लावून पाहिली.

"आमच्या आत इतकं गार कधीच नसतं," तो म्हणाला. "अंडी वारुळात आणा."

"आणि पोरं बाहेर पडून घरमालकालाच चाटून खातील," एक मुंगी म्हणाली.

"चाटतील चार. आम्ही पुष्कळ आहोत."

भिंतीवर नखे चालल्याचा आवाज वाळवीला सगळ्यांत भयंकर. घोरपड वारुळाची भिंत उकरत होती तोवर वाळवीचे शिपाई जबडे वासून, पण जागचे न हलता उभे राहिले. घोरपडीने एकेक अंडे तोंडात धरून, वरची बाजू वरच राहील असे जपत, आत नेले. ती बाहेर येताच वाळवीने भोक लिंपून टाकले. चार दिवसांत तिथली माती दगडासारखी झाली. एवढीशी पिल्ले ती फोडणार कशी, या विचाराने पावसाळाभर माझ्या घशाखाली पाला उतरेना. घोरपड मात्र निवांत होती. पावसाळा सरताना ती स्वतःच आली, भिंतीला कान लावला, आणि जिथे बुजवले होते तिथेच उकरले. दहा पिल्ले बाहेर पडली. अकरावे अंडे गारठ्यातून सावरले नव्हते. घोरपड मला त्याबद्दल कधी बोलली नाही.

कित्येक वर्षांनी, ती घोरपड आणि तो मुकादम दोघेही गेल्यावर, मी पुन्हा त्या उंचवट्यावर गेलो. वाळवी अजूनही घोरपडींसाठी दार राखते असे माळावर सांगत, ते मला खरे वाटत नव्हते. स्वतः पाहायचे होते. वारुळाला फिरून फिरून मी नख लावले. कुठे ओरखडासुद्धा उठेना. फक्त पश्चिमेच्या अंगाला, घोरपडीचा पंजा पोहोचेल इतक्या उंचीवर, वीतभर जागा वाळवीने ओल्या मातीने नुकतीच लिंपलेली होती. तिथे माझे नख सहज आत गेले.