राजाच्या लेकी माहेरी

आठ दिवसांत गावाबाहेरचा ढीग हलवा, नाहीतर घरं रिकामी करा! महाराज उदंडसेनांचा हा हुकूम पाडळसोंडा गावावर येऊन आदळला. पाहुणे राजे त्याच वाटेने येणार होते म्हणे.

ढीग होता मोबाइलचा. बंद पडलेले, काच तडकलेले, बॅटरी फुगलेले हजारो मोबाइल. राज्यभरातले लोक ते गुपचूप इथल्या जुन्या खाणीत आणून टाकत. गावची एकुलती एक विहीर त्यापायी कडू झाली होती. हुकुमाखाली आणखी लिहिलं होतं की जाळायचं नाही, पुरायचं नाही, दुसऱ्या राज्यात टाकायचं नाही. आता गिळणंच तेवढं राहिलं, असं पाटील म्हणाले.

मोबाइलचा कारखाना खुद्द महाराजांचा. खप वाढावा म्हणून त्यांनी एक रीत काढली होती. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक मोबाइलला ते हळदकुंकू लावत, वर अक्षता टाकत आणि उपरण्याने डोळे टिपत म्हणत, "ही आमची लेक. नीट नांदवा हिला." मला विचाराल तर रडणं खरंच असावं. दिवसाला चारशे लेकी सासरी धाडणं काही सोपं नाही.

गावात भंगार गोळा करणारी हौसाक्का होती. तिचं घर ढिगाला लागूनच, म्हणजे पहिलं तेच रिकामं करावं लागणार. तिने दोन दिवस विचार केला आणि मग गावभरातून खणांचे तुकडे मागून आणले. सातव्या दिवशी वाजंत्री लावून अकरा बैलगाड्या राजवाड्यावर पोचल्या. प्रत्येक मोबाइल खणात गुंडाळलेला, सगळ्यात फुगलेले पुढच्या गाडीत. पहारेकऱ्यांना अडवावं की मुजरा करावा तेच कळेना.

महाराज तणतणत बाहेर आले. हा काय तमाशा, म्हणाले.

हौसाक्काने एक टम्म फुगलेला मोबाइल पुढे धरला. "लेकी आणल्यात महाराज. पहिलं बाळंतपण माहेरीच करायची रीत हाय. दिवस भरलेत, पोट बघा."

राजवैद्यांनी सवयीने नाडी पाहिली आणि गंभीरपणे मान हलवली. तेवढ्यात आतून राणीसाहेबांचा निरोप आला, लेकींना उन्हात उभं करू नका, ओवाळायचं ताट येतंय.

"हुकूम मोडलास तू," महाराज गुरकावले.

जाळलं नाही, पुरलं नाही, राज्याबाहेर नेलं नाही, असं हौसाक्काने बोटांवर मोजून सांगितलं. सव्वा महिन्याने ज्या धडधाकट होतील त्या खुशाल सासरी पाठवा, म्हणाली.

"आणि जी बरी होणारच नाही ती?"

"ती बापापाशी ऱ्हाईल. अक्षता टाकताना तुम्ही लेक म्हणालात. राजाची लेक आम्ही उकिरड्यावर कशी टाकावी?"

महाराजांनी त्या टम्म पोटाकडे पाहिलं आणि ते असे हसत सुटले की डोक्यावरचा मंदील घरंगळून गाडीत पडला. त्याच दिवशी कारखान्यामागची कोठी बाळंतिणींसाठी उघडली. तिथे कारागीर बसले. दुरुस्त होणारे दुरुस्त करायचे, बाकीच्यांचं तांबं-सोनं वेगळं काढायचं आणि उरलेलं विष महाराजांनीच निस्तरायचं, असं ठरलं. गावची विहीरही त्यांनीच उपसून द्यायची होती. हौसाक्काला माहेरघराची कारभारीण नेमलं.

राणीसाहेबांनी मात्र तोवर अकरा गाड्या भरून डिंकाचे लाडू केले होते. बाळंतिणी काही खाईनात, तेव्हा ते सगळे पाडळसोंड्याला गेले.