सादधोंड्यावरची मुकी घागर

शके १७९१, भाद्रपदाचा वद्य पक्ष, वर्षा ऋतूचे अखेरचे दिवस. वाकणमाचीची ही हकीकत त्या काळची आहे, असे सांगतात. काही जण ती श्रावणात घडली म्हणतात, पण ते बरोबर नव्हे. श्रावणात वरचे कातळ इतके निसरडे असतात की तेथे कोणी म्हशी नेतच नाही.

गावची वस्ती जेथे संपते आणि बावसडा नावाचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, सुरू होतो, तेथे पुरुषभर उंचीचा एक काळा धोंडा उभा आहे. त्याला सादधोंडा म्हणतात. त्याच्या भोवती रोवलेल्या मेढींवर चमत्कारिक वाद्ये टांगलेली दिसतात. बूड गेलेल्या माठावर ताणलेले कातडे, मोडक्या सुपाच्या कामट्यांचा खुळखुळा, करवंट्यांची माळ, झिजलेला नांगराचा फाळ. त्यांतच एका घागरीची तार सैल लोंबत असते. नवखा पाहुणा नेमका तिलाच हात घालतो. मग सोबतचा गावकरी त्याचा हात हलकेच बाजूला करून म्हणतो, "ती नगं. ती वाजवायची न्हाई." आणि तेथेच खाली बसून सांगू लागतो.

माची फार गरीब होती. पितळेची घंटा तिने कधी पाहिली नव्हती. सड्यावर धुके उतरले की हातभरावरचे दिसेनासे होई, आणि सड्याच्या पलीकडे तर सरळ तुटलेला कडा. म्हणून प्रत्येक घराने स्वतःचे एक वाद्य करून ठेवलेले असे. त्याला साद म्हणत. ती नव्या वस्तूची करीत नसत. ज्या माठातले पाणी घर प्याले, ज्या सुपाने घरचे धान्य पाखडले, ते फुटल्या-मोडल्यावर त्याचीच साद करायची, कारण घराचा आवाज त्यातच मुरलेला असतो, अशी त्यांची श्रद्धा होती. गावची गुरे चारण्याची पाळी घरोघर फिरे. ज्या घरचे माणूस सड्यावर असेल, त्याच घरची साद त्या दिवशी धोंड्यापाशी वाजे. धुक्यात तिच्या रोखाने चालत यायचे, हे माचीचे मूल चालायला लागताच शिके.

या गावात ठकू नावाची एक विधवा राहत होती. तिला रंगू ही एकुलती एक मुलगी, दहा-अकरा वर्षांची. त्यांची घागर चिरली तेव्हा ठकूने तिचे बूड घासून काढले, तेथे करडाचे कातडे ताणून बसवले, कातड्याच्या मध्यातून आतड्याची तार ओवून ती घागरीच्या तोंडातून बाहेर घेतली आणि टोकाला बाभळीची खुंटी बांधली. खुंटी ओढून तार छेडली की आवाज चढे, सैल सोडली की उतरे. किती ताणायची ते रंगूने ठरवले. "आनखी वाईच, आये. हां, आता माज्यावानी हाक मारती बग!"

शेजारची तानी दारातून म्हणाली, "ठके, तुजी घागर गाती का रडती गं?"

"रडू द्या की, मावशी," रंगू म्हणाली. "तुमचं सूप तर निस्तं शिंकतंय!"

त्या पंधरवड्यात पाळी ठकूच्या घरची आली. तिला हिवताप भरला होता, म्हणून रंगू एकटीच म्हशी घेऊन गेली. दुपार कलली आणि सड्यावर धुके उतरले. ठकू घोंगडी गुंडाळून धोंड्यापाशी आली आणि घागर काखेत धरून वाजवू लागली. बऱ्याच वेळाने दूरवरून रंगूचा आवाज आला, "कूऽऽ!" ठकूने तार छेडली. पुन्हा आवाज आला, आता जवळून. मागे जमलेली माणसे हसली. पहिली म्हैस धुक्यातून बाहेर पडली, मग दुसरी.

आणि आवाज थांबला.

ठकू वाजवीत राहिली. तारेने तिचे बोट कापले. धुके नुसते पांढरे उभे होते. तिच्या मनात आले, म्हणे, की आपली घागरच तोकडी पडते आहे. चिरलेल्या मातीचा आवाज तो, किती लांब जाणार? ती गावच्या मुख्याकडे, भैरू गावकराकडे वळली.

"गावकर, माजी घागर पोचंना. समद्यांनी आपापली साद आना. गाव हिकडं हाय, येवडं तरी कळंल तिला."

"जवळ आलीया पोर, ठके. वाईच दम धर."

"दम किती धरू? ती गप झालीया!"

मग कोणी आढेवेढे घेतले नाहीत. माठ, सुपे, करवंट्या, फाळ, सारे गाव जीव तोडून वाजवू लागले. इतक्या सादा एकदम वाजल्याचे माचीने त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते. कड्यापलीकडच्या डोंगराने तो गजर उचलून परत फेकला आणि धुक्यात जिकडे तिकडे गावच वाजू लागले. म्हशी सगळ्या परतल्या. रंगू परतली नाही.

सकाळी धुके फाटले. ओल्या शेवाळात तिची पावले उमटलेली होती. ती सरळ धोंड्याच्या रोखाने, हाकेच्या अंतरावरच्या एका खोलगटापर्यंत आली होती. तेथे टाचा खोल रुतल्या होत्या, म्हणजे मूल तेथे बराच वेळ थबकून उभे असावे. पुढे पावले जागच्या जागी फिरली होती, पुन्हा फिरली होती. आणि मग लांब लांब टाकीत, धावत, कड्याकडे गेली होती.

कड्याखालून रंगूला वर आणले, तेव्हा भैरू गावकर पुटपुटला, "पोर गप का झाली, द्येव जाने."

"द्येवाला कशाला इचारता?" ठकू म्हणाली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हते. "ती ऐकत हुती. ऐकायचं म्हनून गप हुती. मलाच तेवडं गप ऱ्हाता आलं न्हाई."

त्यानंतर तिने दार लावून घेतले. तानीने उंबऱ्यावर ठेवलेली भाकरी तशीच वाळून जाई. घातचतुर्दशीला, म्हणजे अपघाताने गेलेल्यांच्या श्राद्धाच्या दिवशी, गावाने सगळ्या सादा जाळायचे ठरवले. ढीग रचला, आणि विस्तव आणायला माणूस गेला, तेव्हा ठकू घागर घेऊन आली.

"जाळू नगा. उद्या तुमची पोरं वर जातील. पन एकाची वाजताना दुसऱ्यानं श्वाससुदीक मोठ्यानं घिऊ नये. आन् वर गप झालं, तर खाली भिऊ नये."

तिने खुंटी सोडली, तार सैल केली आणि घागर मेढीला टांगली.

"आन् तुजी गं, ठके?" तानीने रडत विचारले.

"मला आता कुनाला बोलवायचंय?"

तिला पुन्हा कोणी हसताना पाहिले नाही, म्हणतात. तिच्यामागे तिचे घरही उरले नाही.

आजही भाद्रपद वद्य चतुर्दशीला प्रत्येक घर त्या वर्षी फुटल्या-मोडल्या वस्तूची नवी साद करून धोंड्यापाशी आणते. त्या एकेक करून वाजवतात. एक वाजत असता गावातले जातेही फिरत नाही. ठकूची घागरही गावच करते, पण तिची तार ताणत नाहीत. शेवटची पाळी तिची. त्या पाळीला कोणी काही वाजवीत नाही. लहानथोर सारे सड्याकडे तोंड करून, अंधार पडेपर्यंत नुसते ऐकत उभे राहतात. वरून काही येत नाही. मग एकमेकांशी न बोलता घरी जातात. हे असेच करायचे, हे ठरले ते शके १७९१ च्या त्या चतुर्दशीला.