ओक्बून आजीने टांगलेला बुद्ध

फार फार वर्षांपूर्वी कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सोलमी नावाच्या मासेमारांच्या गावात ओक्बून नावाची म्हातारी राहायची. एका वादळात तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे होड्यांसकट गेले. घरोघरचं कुणी ना कुणी गेलं. प्रेतंसुद्धा हाती लागली नाहीत.

बुडालेल्यांचे जीव वाट चुकून समुद्रावरच भटकत राहतात, असं म्हणतात. त्यांना लांबून दिसावा आणि पुढची वाट सापडावी म्हणून टेकडीवरच्या मठाने ठरवलं, की देवळाहून उंच बुद्ध कापडावर रंगवायचा आणि अंगणात खांबांना टांगायचा. गावातल्या बायकांनी कापड विणून दिलं. हेवोन नावाचे भिक्खू रंगवायला बसले.

ते बसले ते बसलेच. वस्त्रं झाली, हात झाले, कमळ झालं. डोळे काही होईनात. काढायचे आणि पुसायचे. दर वसंतात गाव अंगणात जमायचं आणि हेवोन म्हणायचे, "डोळ्यांत नजर उतरत नाही. पुढच्या वर्षी बघू." ओक्बून धापा टाकत टेकडी चढायची आणि चरफडत उतरायची.

शेवटी एका वसंतात तिचा धीर सुटला. "आहे तसाच टांगा!" ती म्हणाली.

"पण आजी, डोळ्यांशिवाय बुद्ध टांगायचा कसा?" हेवोन म्हणाले.

"अहो भंते, बघायचंय कुणी? तुमच्या बुद्धाला डोळे नसतील, माझ्या पोरांना आहेत ना! किती वर्षं ताटकळतायत ती पाण्यात! सरका बाजूला!"

त्या कापडाची जी गुंडाळी उचलायला गावातले सगळे पुरुष लागायचे, ती तिने एकटीने फरफटत अंगणात आणली, असं म्हणतात. बायकांनी दोर ओढले. बिनडोळ्यांचा बुद्ध वर वर गेला.

खाली समुद्र थबकला. ना लाट, ना वारा. मग दूरवरून फाटक्या शिडांच्या होड्या येताना दिसल्या. ज्याने त्याने आपापली माणसं ओळखली. ओक्बूनच्या थोरल्याने हात वर केला.

"उभे काय राहिलात?" ती ओरडली. "दिसला ना? जा आता!"

होड्या धुक्यासारख्या विरून गेल्या. ती तिथेच मटकन खाली बसली आणि मग कुठे रडली.

लोकांनी मागे वळून पाहिलं, तर बुद्धाला डोळे होते. हेवोनांचा कुंचला कोरडाच होता, असं म्हणतात.

सोलमीत अजूनही वसंतात तो बुद्ध बाहेर काढतात. त्या दिवशी भाताचा पहिला वाडगा बुद्धापुढे ठेवत नाहीत. गावातल्या सगळ्यात वयस्कर बाईला अंगणात बसवतात आणि ओक्बूनच्या नावाने तिला वाढतात. ती अगदी सावकाश जेवते. सगळे भिक्खू उन्हात उभे राहतात, आणि 'आटपा' म्हणायची एकाचीही छाती होत नाही.