तीनशे बारा उद्यमशाळा आणि हत्तीचे पिल्लू

"या ग्रंथातली एक जरी उद्यमशाळा खोटी निघाली, तर मी माझं नाव बदलीन!" राजा चंडकेतू भर दरबारात गरजला आणि त्याने मखमली बांधणीचा एक जाडजूड ग्रंथ सटवाजी बुरुडाच्या नाकासमोर नाचवला.

ग्रंथाचे नाव 'उद्यमकल्पतरू'. राज्यातल्या कारागिराला हत्यारे उसनी कुठे मिळतात, कच्चा माल कुठे मिळतो, कसब कोण शिकवतो, अशा तीनशे बारा उद्यमशाळांची त्यात यादी होती. यादी दिवाण विसाजीपंतांनी नऊ दिवसांत पुरी केली होती. ती करताना कचेरीतले कुणीही बैठकीवरून उठले नव्हते, म्हणूनच ती इतक्या लवकर झाली. दिवाणांनी गावोगावच्या अंमलदारांना लिहिले, 'आपल्या हद्दीतल्या शाळा कळवा. ज्याची यादी लांब, त्याला मानाची पगडी.' याद्या लांबच लांब आल्या.

सटवाजीची चूक एवढीच, की त्याने ग्रंथावर विश्वास ठेवला. बांबू चिरण्याच्या नव्या सुऱ्यांसाठी तो तीन दिवस चालत कोळंब्याच्या 'वेळूकाम उद्यमशाळे'त गेला. तिथे एक म्हैस बांधलेली होती. परत आल्यावर त्याने हे भर बाजारात सांगितले आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्याला बंदिखान्यात टाकले. तिथूनच त्याला आज दरबारात आणले होते.

"महाराज, म्हैस होती हो!" सटवाजी हात जोडून म्हणाला.

"शिकाऊ असेल," विसाजीपंत म्हणाले. दरबार हसला. दिवाण बोलले की दरबार हसत असे.

राजा मात्र हट्टाला पेटला होता. "ग्रंथ खोटा म्हणतोस ना? मग तीनशे बारांपैकी खऱ्या कोणत्या आणि खोट्या कोणत्या, ते पौर्णिमेपर्यंत सांग! राजधानीची वेस ओलांडायची नाही, माणूस पाठवायचा नाही. जमलं नाही, तर तू आणि तुझं कुटुंब हद्दपार!"

सटवाजीच्या मागे उभी असलेली त्याची मुलगी भिवरा पुढे झाली. सुपे विणून विणून तिची बोटे चिरलेली होती, पण जीभ शाबूत होती.

"माणूस नको पाठवायला, महाराज. पण पत्र चालेल का?"

"पत्रानं काय होणार, पोरी?"

"पंतांनी पत्रानंच ग्रंथ केला की! मी पत्रानंच तपासते."

राजाने हात झटकून परवानगी दिली. दरबार उठल्यावर भिवराने एका कारकुनाकडून मजकूर लिहवून घेतला आणि शिक्क्यासाठी एकट्या राजापुढे धरला. राजाने वाचला आणि त्याच्या भुवया कपाळभर चढल्या.

"'गेल्या दसऱ्याला आपल्या शाळेस पाठवलेलं हत्तीचं पिल्लू कसं आहे, ते ताबडतोब कळवावं.' अगं, मी कुणाला हत्ती दिला?"

"कुणालाच नाही, महाराज. शिक्का मारा. आणि उत्तरं येईपर्यंत हे पंतांच्या कानावर जाऊ देऊ नका."

ग्रंथात प्रत्येक शाळेपुढे कारभाऱ्याचे नाव होतेच. तीनशे बारा पत्रे राजाच्या डाकेच्या घोडेस्वारांनी पोचवली आणि हातोहात उत्तरे आणली. पौर्णिमेला भिवरा दोन करंड्या घेऊन दरबारात आली. एक लहान, एक भली मोठी.

"लहानीतलं आधी वाचते," असे म्हणून तिने कारकुनाला खूण केली. तो वाचू लागला.

"'कसलं पिल्लू? इथं घाण्याचा बैल लंगडतोय, त्याचं बघा आधी. हत्ती पाठवाल तर परत पाठवीन.' हे तेलघाणा शाळेचं. 'हत्ती नको, हातोडे पाठवा. सहा हातोड्यांमागं वीस पोरं भांडतात.' हे लोहारशाळेचं. अशी एकेचाळीस आहेत, महाराज."

"उद्धट आहेत सगळे!" विसाजीपंत फणकारले.

"कामात आहेत, पंत. आता मोठी करंडी."

कारकुनाने घसा खाकरला. "'महाराजांच्या कृपेनं पिल्लू खुशाल आहे, सोंडेनं रोज राजधानीच्या दिशेला नमस्कार करतं.' 'पिल्लू धष्टपुष्ट आहे, उसाच्या दोनशे मोळ्या व एक माहूत पाठवावा.' 'पिल्लू अतिसारानं वारलं, यथाविधी मूठमाती दिली, सारा गाव रडला.' 'पिल्लाला पिल्लू झालं.'"

"पिल्लाला पिल्लू?" राजा ओरडला.

"आणि हे कोळंब्याचं, महाराज. 'शाळेच्या अंगणात बांधलं आहे, बांबू आवडीनं खातं.'"

"म्हैस!" सटवाजी मागून ओरडला.

"अशी दोनशे एकाहत्तर," भिवरा म्हणाली. "आपल्या पिलखान्यात हत्ती किती, महाराज?"

"चार," राजा पुटपुटला.

दरबार हसायला अधीर झाला होता, पण दिवाण हसले नाहीत, म्हणून थांबला.

राजाने ग्रंथ उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "मी शब्द दिला होता. आता माझं नाव काय ठेवायचं, ते तूच सांग."

"आपलं नाव चांगलं आहे, महाराज. ग्रंथाचं बदला. 'पिलखाना' ठेवा!"

"महाराज!" विसाजीपंत काकुळतीला आले. "अंमलदारांनी फसवलं! मी तर जे आलं ते विश्वासानं उतरवून घेतलं!"

"मग आताही विश्वास ठेवा, पंत," भिवरा म्हणाली. "दोनशे एकाहत्तर ठिकाणांहून लेखी आलंय. स्वतः चालत जा आणि हत्ती घेऊन या. वारलेल्याचे दात आणले तरी चालतील!"

राजा असा हसला की मुकुट कानावर आला. मग मात्र सारा दरबार हसला. त्याच दिवशी विसाजीपंतांना वेशीबाहेर पोचवण्यात आले. हातात अंकुश, खांद्यावर दोरखंड आणि हुकूम एकच: हत्ती मिळाल्याशिवाय परतायचे नाही.

सटवाजीला बांबू चिरण्याच्या बारा नव्या सुऱ्या मिळाल्या आणि भिवराला दिवाणखान्यातली विसाजीपंतांची बैठक. तिने ती गुंडाळून कोपऱ्यात ठेवली, पायात वहाणा घातल्या आणि एकेचाळीस नोंदींचे नवे पुस्तक घेऊन लंगडा बैल बघायला निघाली.